गवताच्या गाठी आणि एक निनावी पत्र

गेनूभाऊ गेल्याचं मला आमच्या टेकडीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कळलं, आणि मी आधी विश्वासच ठेवला नाही. दुःखानं माणसाचा विश्वास बसत नाही म्हणतात, तसलं काही नव्हतं. मला सरळ सरळ संशय आला. याच ग्रुपचं मागच्या उन्हाळ्यात त्यांना एकदा मारून झालं होतं. सकाळी "भावपूर्ण श्रद्धांजली", दुपारपर्यंत हात जोडलेल्या चित्रांची रांग, आणि संध्याकाळी गेनूभाऊ स्वतः टेकडीच्या पायथ्याशी उसाचा रस पीत उभे! म्हणून या खेपेला मी आधी मंगलला, म्हणजे त्यांच्या सुनेला, फोन लावला. तिनं उचलला नाही. पुन्हा लावला. तेव्हा मात्र मनात पाल चुकचुकली. ग्रुपवरचा निरोप पुन्हा वाचला. "टेकडीवरचे गाठवाले बाबा आज गेले. ॐ शांती." नाव नाही. नऊ वर्षं रोज समोरासमोर येणाऱ्या माणसाचं नाव माझ्याखेरीज आमच्यातल्या एकालाही ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नाही याचं कुणाला काही वाटलंही नव्हतं.

मी पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं. माणसं अंघोळी करून ओल्या केसांनी अंगणात बसली होती. मंगल दारात आली आणि म्हणाली, "बाई, जेवून लवंडले दुपारी, ते उठलेच न्हाईत. च्या ठेवला हुता मी त्यांचा..." मी तिचा हात धरून उभी राहिले. तिला वाटत होतं, सासऱ्यांची जवळची मैत्रीण आली. आणि मला वाटत होतं, हिला कळलं तर ही मला उंबरा ओलांडू देईल का.

कारण आमच्या मैत्रीचा पाया संशय हा होता. त्यांना माझा, मला त्यांचा. त्यातला त्यांचा खरा होता आणि माझा साफ खोटा, एवढं कबूल करायला आज बसले आहे. मी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला. बुधवार पेठेत यांचं रेडिओच्या सुट्या भागांचं दुकान आणि वर आमच्या दोन खोल्या. निवृत्त झाल्यावर यांच्या गुडघ्यांना जिने झेपेनात म्हणून लिफ्टचा फ्लॅट शोधत आम्ही धायरीत आलो. इमारतीच्या मागे टेकडी, टेकडीच्या माथ्यावर सपाट पठार, आणि पठाराच्या पश्चिम कडेला उभं राहिलं की लांबवर खडकवासल्याचं पाणी. पेठेत वाढलेल्या बाईला आणखी काय हवं? महिनाभरात मी टेकडी मंडळाची सभासद झाले, दोन महिन्यांत चिटणीस. पायथ्याशी "कृपया प्लॅस्टिक टाकू नये" हा जो हिरवा फलक आहे ना, तो माझ्या हातचा. फळ्यावर लिहून लिहून अक्षर बरं झालेलं, त्याचा तेवढाच उपयोग.

पहिल्याच भाद्रपदात आम्हाला त्या गाठी दिसल्या. पठारावरचं गवत मांडीपर्यंत आलं होतं आणि त्याच्या कडेनं, अकरा-अकरा पावलांवर, उभ्या गवताचे झुबके एकमेकांत पिळून गाठ मारलेली. उपटलेलं नाही, कापलेलं नाही, जिवंत गवताचीच गाठ. आमचे अध्यक्ष देवधर आयुष्यभर कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला होते, त्यामुळे त्यांना सगळीकडे खोट दिसते. ते म्हणाले, ही बिल्डरची आखणी आहे, खुंट्या ठोकल्या तर बोभाटा होतो म्हणून गवत वापरलंय. दुसऱ्या दिवशी एका गाठीपाशी लिंबू सापडलं. अर्धं पिळलेलं. ते पायथ्याच्या सरबतवाल्याकडचं होतं हे शेंबड्या पोरानंही सांगितलं असतं, पण आमच्यातल्या दोन एम.एस्सी. झालेल्या बायका करणी म्हणून चार दिवस टेकडीवर फिरकल्या नाहीत. मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी नाही. मी शिवणाची टेप घेऊन गेले, गाठींमधली अंतरं मोजली, घरी येऊन आलेखाच्या कागदावर नकाशा काढला आणि मंडळापुढे ठेवला. सगळी अंतरं सारखी! रेषा पठाराच्या बरोब्बर एक-तृतीयांश भागाला वेढणारी! "ही नुसती शेतकऱ्याची गंमत नाही," मी म्हणाले, "यामागे मोजणी जाणणारं डोकं आहे." देवधरांनी माझ्याकडे असं कौतुकानं पाहिलं की मी आठवडाभर त्यातच होते.

मग जे झालं ते करायला आमच्यासारखी शिकलेली माणसंच हवीत. रविवारी श्रमदान ठरलं. टोप्या, हातमोजे, बाटल्या घेऊन वीस-बावीस जण पठारावर पसरलो आणि एकूण एक गाठ सोडवली. काही सुटेनात, त्या कापल्या. गवतात शिरलो, तुडवलं, मोज्यांत कुसळं घुसली म्हणून कुरकुर केली, आणि मग तिथेच गोल करून पोहे खाल्ले. "टेकडी वाचवा" असं लिहिलेला कापडी फलक धरून फोटो काढला. तो फोटो अजून माझ्या फोनमध्ये आहे. आमच्या पायांखाली गवत आडवं झालेलं त्यात स्वच्छ दिसतं. तेव्हा ते कुणाला दिसलं नाही.

मंगळवारी गाठी पुन्हा हजर. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी यांना सांगितलं, आज सोक्षमोक्ष लावून येते, आणि उजाडता उजाडता एकटी वर चढले. पठाराच्या कडेला एक म्हातारा वाकून उभा होता. पायजमा, बिनबाह्यांचा स्वेटर, डोक्यावर टोपी, पायात सोल झिजलेले बूट. वर्गावर ओरडायचे त्या आवाजात मी विचारलं, "काय चाललंय?"

ते दचकले नाहीत. मानही वर केली नाही. "गाठ मारतोय. दिसत न्हाई व्हय?"

"कुणाच्या परवानगीनं?"

"तुमी सोडल्या त्या कुणाच्या परवानगीनं?"

"हे बघा, मी इथल्या मंडळाची चिटणीस आहे. कुठल्या बिल्डरनं पाठवलंय तुम्हाला, सांगा."

तेव्हा ते सरळ उभे राहिले आणि मला बुटांपासून टोपीपर्यंत न्याहाळून म्हणाले, "मीबी तेच इचारनार हुतो." आणि पुन्हा वाकले.

बस्स. एवढ्यावर मी खाली आले. उतरताना चौकशी केली तर कळलं, यांचं नाव गेनूभाऊ, इथलेच, टेकडीच्या उतारावर यांच्या भाऊबंदांची जमीन, त्यातली बरीचशी विकून झालेली. झालं! माझ्या डोक्यात चित्र पूर्ण झालं. उतार विकला, आता पठाराचा नंबर. त्याच दुपारी मी टेकडी ज्यांच्या ताब्यात आहे त्या खात्याला पत्र लिहिलं. "सदर इसम पठारावर वारंवार संशयास्पद हालचाली करताना आढळतो. तरी त्याचा त्वरित बंदोबस्त व्हावा, ही विनंती." आणि खाली माझं नाव नाही. खाली "एक जागरूक नागरिक". एवढंच नाही, ते पत्र मी धायरीत टाकलंच नाही. दुकानात गेले तेव्हा बुधवारातल्या पेटीत टाकलं, म्हणजे शिक्का तिकडचा बसेल. केवढी ती हुशारी! मंडळाला पत्ता लागू दिला नाही, घरी यांनाही नाही. आज पहिल्यांदा सांगते आहे.

पत्राचा परिणाम झाला. आपल्याकडे पत्रांचा परिणाम होत नाही म्हणणाऱ्यांनी मला भेटावं. गेनूभाऊंना कचेरीत चार वेळा बोलावलं, बाकावर बसवून ठेवलं, आणि दिवाळीपर्यंत पठारावर पाऊल टाकायचं नाही असं लिहून घेतलं. ज्या पठारावर त्यांच्या आज्यानं गुरं राखली तिथे त्यांना बंदी, आणि पेठेतून येऊन वर्षही न झालेल्या मला मोकळं रान. मला हे कळलं तेव्हा, खोटं कशाला बोलू, आनंद झाला.

तो आनंद पुढच्या पावसाळ्यापर्यंत टिकला. गाठी नव्हत्या, तेव्हा पठार सगळ्यांचं झालं. क्रिकेटची खेळपट्टी पडली, योगासनांच्या सतरंज्या पडल्या, रील काढणारी मुलं उड्या मारू लागली, आणि आम्ही मंडळाचे लोक तीन-तीन जण गप्पा मारत आडवे चालायचो त्यानं एका पायवाटेच्या तीन झाल्या. गवतानं दाणा धरायच्या आतच ते झोपलं. पुढच्या पावसाळ्यात तिथे गवत उगवलंच नाही. लालसर माती उघडी पडली आणि पहिल्या जोरदार सरीला ती आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये उतरली. त्या गवतात लावे पक्षी असायचे, चंडोल वर जाऊन गात राहायचा. ते कुठे गेले कोण जाणे. आयुष्यभर मुलांना जमिनीची धूप शिकवली, आकृतीसह स्पष्ट करा म्हणून गुण कापले, आणि माझ्याच पार्किंगमध्ये ती आकृती वाहत आली तेव्हा मला कळलं की गाठी कुठे होत्या आणि कशासाठी होत्या. कुणाला सांगायची सोय नव्हती.

गेनूभाऊंची बंदी तोवर संपली होती. ते पुन्हा गाठी मारू लागले, आणि मी रोज त्यांच्या आसपास घुटमळू लागले. मंडळाला सांगितलं, त्या गाठी निरुपद्रवी आहेत, हात लावू नका. देवधरांनी भुवया उंचावल्या. त्यांना आता माझाच संशय यायला लागला होता. मी थर्मासमधून चहा नेऊ लागले. पहिल्या दिवशी कप पुढे केला तर गेनूभाऊ म्हणाले, "आदी तुमी." मला वाटलं, आदरानं म्हणताहेत. मी प्यायले. ते माझ्याकडे टक लावून बघत राहिले, मग स्वतःचा कप उचलला. दुसऱ्या दिवशी तेच. आठ वर्षांत एकदाही त्यांनी माझ्या आधी घोट घेतला नाही. "अहो, विष घालायचं असतं तर एव्हाना घातलं नसतं का?" मी एकदा वैतागून म्हटलं. "शिकल्याली मानसं सावकाशीनं घालत्यात," ते म्हणाले. हसलेही नाहीत.

मी पण काही कमी नव्हते. त्यांच्या पुतण्यानं नवी गाडी घेतली की मी कान टवकारायचे. उतारावर कुणी अनोळखी माणूस त्यांच्याशी बोलताना दिसला की दुसऱ्या दिवशी आडून आडून विचारायचे. त्यांना ते कळायचं आणि ते मुद्दाम उत्तर टाळायचे. गाठींचं कारणही त्यांनी मला कधी सांगितलं नाही. विचारलं की, "तुमी भूगोल शिकीवता न्हवं? वळखा की." मात्र एक वाक्य ते वर्षातून दोनदा तरी बोलायचे. उतरताना माझ्या हिरव्या फलकापाशी थांबायचे, हात मागे बांधायचे आणि म्हणायचे, "अक्षर लई देखनं हाय तुमचं, बाई." यांना ठाऊक आहे? कचेरीत यांनी ते पत्र पाहिलं असेल? की हा नुसता भला माणूस अक्षराला अक्षर म्हणतोय? मी तोंडाकडे बघायचे. त्या तोंडावरून कधी कुणाला काही कळलं असेल तर शपथ.

गेल्या वैशाखात खात्यानं बैठक बोलावली. टेकडीची हानी होते आहे म्हणून सगळ्या टेकडीला तारेचं कुंपण घालायचं, एक फाटक, सकाळी दोन तास उघडणार, ओळखपत्र दाखवायचं, पठारावर कुणीच जायचं नाही. आमच्या मंडळाचा पारा चढला. देवधर म्हणाले, टेकडी नागरिकांची आहे, नागरिकांना कुंपण घालू नका. खात्याच्या अधिकारी, एक तरुण बाई, म्हणाल्या, नागरिकांनीच ती बोडकी केली आहे, फोटो दाखवू का? दोन्ही बाजूंचं खरं होतं आणि म्हणूनच आवाज चढले होते. तेवढ्यात मागच्या खुर्चीवरून गेनूभाऊ उठले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. पुन्हा पठार बंद होणार असं कानावर आलं म्हणून आपणहून आले होते, धुतलेली टोपी घालून.

"सगळी बंद करू नगा आन सगळी उघडीबी ठिवू नगा," ते म्हणाले. "आमच्या आज्याची रीत सांगतो. पठाराचं तीन वाटे. दर सालाला एक वाटा इसाव्याला ठिवायचा. त्याच्या कडंनं गवताला गाठ मारायची. गाठ दिसली की गुरानं न्हाई, मानसानं न्हाई, कुनीबी पाय टाकायचा न्हाई. बाकी दोन वाट्यांत चरा, खेळा, लोळा. इसाव्याचं गवत दाना धरतं, दाना गळतो, गवत वाळतं. गवत वाळलं की गाठ आपोआप सुटती. सुटली की जावा. पुढल्या साली दुसरा वाटा. तार कशाला पायजे?"

"आणि गाठ न जुमानता कुणी आत गेलं तर?" बाईंनी विचारलं.

"जात नव्हतं कुनी."

"हे कुठल्या नियमात बसतं, काका?"

कुणीतरी हसलं. आमच्याच बाजूचं. गेनूभाऊ त्या हसणाऱ्याकडे न बघता माझ्याकडे बघत होते. मी मान खाली घातली, आणि मग काय झालं कोण जाणे, उठून उभी राहिले. म्हणाले, "नियमात बसत नसेल तर एका पावसाळ्यापुरतं बसवून बघा. मंडळ लिहून देईल." देवधर माझा पदर ओढायचेच बाकी होते. अधिकारी बाईंनी समोरची फाईल मिटली. मग म्हणाल्या, ठीक, एक पावसाळा. दिवाळीनंतर मी स्वतः येऊन बघेन. तो तिसरा वाटा न तुडवता राहिला असेल तर तुमची रीत नियमावलीत घालायचा प्रस्ताव मी पाठवते. तुडवलेला दिसला, तर तार, फाटक आणि ओळखपत्र... मग माझ्याकडे यायचं नाही. मंडळाच्या वतीनं मी लिहून दिलं. माझ्या देखण्या अक्षरात. गेनूभाऊ शेजारी उभे राहून प्रत्येक ओळ वाचत होते. मी सही केली. ते म्हणाले, "या वक्ताला नाव घातलं व्हय?" एवढंच. मी वर बघितलं तर ते पाणी प्यायला गेले होते.

त्या प्रश्नावर मी पुढे किती विचार केला, काय सांगू. "या वक्ताला" म्हणजे कुठल्या वेळेच्या तुलनेत? विचारायला हवं होतं. आठ वर्षं ज्या माणसाबरोबर एकाच थर्मासमधला चहा प्यायले, त्याला एक सरळ प्रश्न विचारायची माझी छाती झाली नाही. आणि सरळ कबुली द्यायची तर त्याहून नाही. उद्या सांगू, गवत वाढू दे मग सांगू, तिसऱ्या वाट्याचं काम मार्गी लागू दे मग सांगू.

शेवटचे भेटलो ते श्रावण सरता सरता. गवत गाठ धरण्याइतकं उंच झालं होतं. त्यांना वाकवत नव्हतं, म्हणून म्हणाले, आता तुमी शिका. तीन झुबके घ्यायचे, मुळं हलू द्यायची नाहीत, पीळ उजवीकडे द्यायचा, तुरे मोकळे ठेवायचे म्हणजे त्यांना दाणा धरता येतो. मी मारलेली पहिली गाठ हात काढताच सुटली. दुसरी सुटली. "साळंत काय शिकीवलं तुमी?" ते म्हणाले. तिसरी जराशी टिकली. दोन बाजू झाल्या, खडकवासल्याकडची कड राहिली. ते म्हणाले, "उद्या करू." चहा ओतला. "आदी तुमी," म्हणाले. मी प्यायले. पाऊस नव्हता, पाणी लांबवर चमकत होतं. मी तोंड उघडलंही होतं... "गेनूभाऊ, एक सांगायचं होतं." ते म्हणाले, "उद्या सांगा. आज गुडघं दुखत्यात." दुसऱ्या दिवशी सकाळी ते वर आलेच नाहीत, आणि दुपारी गेले.

तेराव्याला मंगलनं मला आतल्या खोलीत बोलावलं. कपाटातून एक कागदाची पुडी काढून माझ्या हातात ठेवली. जुन्या किराणा दुकानात बांधायचे तशी, चारी कोपरे आत दुमडलेली. "मामंजी म्हनायचे, ही बाईंची पुडी हाय, त्यास्नीच द्या." आत गवताचं बी होतं, पवन्याचं, मारवेलचं, पठारावरचंच. बंदीच्या आधल्या वर्षीचं, ती म्हणाली, आणि दर वर्षी थोडं नवं घालून जुनं पेरायचे. मी पुडी घरी आणली. ताटात बी ओतून घ्यावं म्हणून उलगडली. कागद मऊ झालेला, घड्यांवर विरलेला. त्यावर माझं अक्षर होतं. झेरॉक्स होती, पण माझंच. "सदर इसम पठारावर वारंवार संशयास्पद हालचाली करताना..." आणि खाली, "एक जागरूक नागरिक".

मी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून मोठ्यानं रडले. हे बाहेरून धावत आले, काय झालं विचारत राहिले. कचेरीनं नोटिशीबरोबर त्यांना प्रत दिली असणार. म्हणजे पहिल्या चहापासून त्यांना ठाऊक होतं. फलकासमोर उभं राहून अक्षराचं कौतुक करणारा तो माणूस सगळं ओळखून होता, आणि तरी रोज माझ्याबरोबर चढत होता, पीत होता, माझ्या आधी नाही पण पीत होता. की ठाऊक नव्हतं? हाताला लागला तो कागद घेतला असेल, बी माझ्यासाठी म्हणून "बाईंची पुडी" म्हणाले असतील? माझा स्वभाव असा की मला अजूनही शंभर टक्के खात्री वाटत नाही. माफ केलं म्हणावं, तर तसं ते एका शब्दानं बोलले नाहीत. टोमणा म्हणावा, तर त्यात कुणी आठ वर्षं बी जपून ठेवत नाही. मी बी पुन्हा त्याच कागदात बांधलं. दुसरा कागद घ्यावासा वाटला नाही.

त्यानंतर रोज सकाळी जाते. खडकवासल्याकडची राहिलेली कड मी पुरी केली. माझ्या गाठी अजून सुटतात, त्यांच्या टिकल्या आहेत. कुठली कुणाची ते लांबून ओळखू येतं. जी सुटते ती पुन्हा मारते. गवताला तुरे आले आहेत, काही ठिकाणी दाणा धरलाय. दिवाळीला थोडे आठवडे उरलेत. त्या कडेनं तुम्ही फिरायला येत असाल तर माझं एवढं ऐका, गाठ दिसली की वळसा घाला. दोन वाटे मोकळे आहेत, तिथे खुशाल खेळा, धावा, सतरंज्या टाका. हा एक वाटा तुडवला गेला तर पुढच्या वर्षी तुमच्या-माझ्या वाट्याला तार येईल, आणि एका म्हाताऱ्याचा शब्द खोटा पडेल.

परवा मी अशीच वाकून गाठ मारत होते. कानात काही घातलेला एक तरुण धावता धावता थांबला. "आंटी, हे काय करताय?" आवाजात तोच संशय, मी ओळखते तो, माझाच आहे. मी मान वर केली नाही. "गाठ मारतेय. दिसत नाही का?" तो पुढे गेला. घरी येऊन फोन बघते तर ग्रुपवर माझा फोटो, पाठमोरा, लांबून काढलेला. खाली मजकूर, "पठारावर एक वयस्क महिला संशयास्पदरीत्या गवताला गाठी मारताना आढळली. कुणी ओळखतं का?" नऊ वर्षं चिटणीस आहे मी त्या मंडळाची. पाठीवरून एकानंही ओळखलं नाही. आणि त्याखाली देवधर, "त्या बाबांचं कुणी नातेवाईक असणार. ताबडतोब खात्याला कळवायला हवं. बाई, तुमचं अक्षर चांगलं आहे, तुम्हीच एक पत्र लिहा."

तर देवधर, लिहिलं आहे. थोडं लांबलं. पुडी समोरच ठेवून लिहिते आहे, आणि या वेळी खाली नाव घालते आहे.

सुमन, धायरी